आसरा कुणाला म्हणायचं?

गेल्या महिन्यात आमच्या वाचनगटात एका कादंबरीवरून जे भांडण झालं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये. सोफी मॅकिंटॉश या वेल्श लेखिकेची 'द वॉटर क्युअर', तिची पहिलीच, 2018 साली आलेली आणि त्याच वर्षी मॅन बुकरच्या 13 पुस्तकांच्या लाँगलिस्टमध्ये गेलेली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, शेवट फोडत नाही. जगापासून तुटलेलं एक बेट, त्यावर पडझड झालेलं मोठं घर, घरात ग्रेस, लिया आणि स्काय या तीन बहिणी, त्यांची आई आणि बाप. बापाला सगळे किंगच म्हणतात. मुलींना लहानपणापासून सांगितलेलं असतं की पलीकडे, मुख्य भूमीवर, विष पसरलंय, ते पुरुषांकडून बायकांना बाधतं, आणि त्यापासून वाचायचं तर रोज हे हे उपचार करायलाच हवेत. पूर्वी तिकडून खचलेल्या, आजारी बायका यायच्या आणि या घरात उपचार घ्यायच्या. मग एक दिवस सामान आणायला गेलेला किंग परत येत नाही, आणि काही दिवसांनी तीन जण किनाऱ्याला लागतात, दोन पुरुष आणि एक लहान मुलगा.

आता भांडण काय झालं तर एका बाजूने म्हणणं आलं की हा निव्वळ पुरुषद्वेष आहे, पुरुष म्हणजे विष असं उघड म्हणणारं पुस्तक आपण का डोक्यावर घ्यायचं. दुसऱ्या बाजूने म्हणणं आलं की बरोबरच लिहिलंय, जरा पेपर उघडून बघा, विष नाहीये का? आणि मधल्या काही जणांचं म्हणणं असं की विष म्हणजे नेमकं काय, कधी पसरलं, कसं पसरलं, बेट कुठल्या देशात, हे काहीच लेखिका सांगत नाही, सगळं धुकं धुकं, म्हणजे तिला कथा बांधता आली नाही आणि म्हणून तिने गूढपणाचा आडोसा घेतला. दोन तास हे चाललं. मला तिन्ही बाजू एकच चूक करताना दिसल्या. सगळ्यांना कादंबरीकडून बाहेरच्या जगाबद्दल साक्ष हवी होती, की बाबा विष खरं की खोटं ते एकदाचं सांग. पण ज्या मुलींनी बाहेरचं जग पाहिलेलंच नाही त्यांच्या तोंडून ही साक्ष येणार कशी? माझं म्हणणं सरळ आहे. ते धुकं हाच या पुस्तकाचा विषय आहे. कोंडून वाढवलेल्या मुलींना जेवढं दिसू दिलंय तेवढंच वाचकालाही दिसतं, आणि त्यातलं गूढ काढून टाकलं तर कादंबरी जास्त स्पष्ट होणार नाही, जास्त खोटी होईल.

आधी समोरच्यांचा सगळ्यात जोरकस मुद्दा मान्य करते. या प्रकारचं लेखन म्हटलं की मार्गारेट अ‍ॅटवूडच्या 1985च्या 'द हँडमेड्स टेल' या, बायकांचे हक्क हिरावून घेणाऱ्या राजवटीवरच्या कादंबरीशी तुलना होणारच, आणि तिथे अ‍ॅटवूडने स्वतःला एक नियमच घालून घेतला होता की इतिहासात कुठे ना कुठे घडून गेलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही. त्यामुळे तिथला प्रत्येक कायदा, प्रत्येक कपडा बोट ठेवून दाखवता येतो की हे अमुक ठिकाणी झालंय. मॅकिंटॉशकडे तसलं काही नाही. वर्ष नाही, सरकार नाही, कायदा नाही. मग राजकीय दात पडलेलं पुस्तक, असं कुणी म्हटलं तर मी लगेच नाही म्हणणार नाही, आणि हेही खरंय की धुक्याच्या नावाखाली आळशीपणा खपवणारी पुस्तकं ढिगाने असतात, पानापानावर चंद्र, समुद्र आणि रक्त, आणि हाताला काहीच लागत नाही.

पण इथे हाताला लागतं. पोहण्याच्या तलावाशी मुलींना एक झगा घालून पाण्यात उतरवतात, झग्याच्या घेराला वजनं शिवलेली आहेत, पाण्यात गेलं की तो खाली ओढतो, आणि गुदमरून वर येणं हा उपचार. सॉनामध्ये पोत्यात शिवून ठेवतात, घामाने शुद्ध हरपेपर्यंत, तोही उपचार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दरवर्षी चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं जातं की या वर्षी घरात कुणी कुणावर जास्त प्रेम करायचं, आणि मधल्या लियाच्या वाट्याला कुणीच येत नाही. म्हणजे अख्खं वर्ष त्या मुलीला घरात कुणी हक्काने जवळ घ्यायचं नाही, आणि हे नशिबाने ठरलंय म्हणून रागवायचं तरी कुणावर? एवढं नेमकं लिहिणाऱ्या बाईला विषाचं केमिकल नाव सुचलं नसतं का? तिने ते दिलं नाही कारण मुलींना ते कुणी दिलेलं नाही. धोका इतका नीट सांगायचाच नाही की पोरींना तो तपासून बघता येईल, हीच तर किंगची पद्धत आहे. नाव दिलं की प्रश्न विचारता येतो, मोजता येतं, खोटं पाडता येतं. नुसतं 'बाहेर वाईट आहे' म्हटलं की काय तपासणार? आपल्याकडे मुलीला संध्याकाळी सातनंतर बाहेर का जायचं नाही याचं उत्तर कधी कुणी पूर्ण वाक्यात दिलंय का? 'जमाना खराब आहे.' बस, संपलं.

पुरुषद्वेषाच्या आरोपाचं बघायचं तर एक साधी गोष्ट आमच्या गटात एकानेही मांडली नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. या कादंबरीत पुरुष विषारी आहेत हा सिद्धांत ज्या घरात शिकवला जातो त्या घराचा मालक पुरुष आहे. तोच बाहेर जातो, तोच येतो, सामान तोच आणतो, त्याच्या नावातच राजा आहे. सगळे पुरुष विष आहेत, मी सोडून, असं सांगणाऱ्या माणसाच्या हातात तीन मुली आणि एक बायको जन्मभर राहतात, आणि त्याला कुलूप लावायचीही गरज पडत नाही. हे पुरुषांविरुद्धचं पुस्तक कसं झालं? ज्यांना वाटतं की बाईला वाचवायचं तर तिला वेगळं काढून ठेवलं पाहिजे त्या सगळ्यांविरुद्धचं हे पुस्तक आहे, आणि त्यात बायकाही येतात, कारण हे उपचार मुलींवर चालू ठेवण्यात आई कुठेही मागे नाही आणि ती ते प्रेमानेच करते. 'विष आहेच' म्हणणाऱ्या आमच्या दुसऱ्या गटाला हे पचत नव्हतं. त्यांना बेट म्हणजे सुरक्षित जागा वाटत होती आणि पुरुष आल्यावर ती बिघडली असं वाचायचं होतं. पण बिघाड बोटीतून आला नाही, तो आधीपासून जेवणाच्या टेबलावर बसलेला होता.

शीर्षकातली 'जलचिकित्सा' ही लेखिकेने हवेतून काढलेली नाही. 1820च्या दशकात तेव्हाच्या ऑस्ट्रियातल्या ग्रेफेनबर्गला व्हिन्सेंत्स प्रिस्नित्सने थंड पाण्याचे उपचार सुरू केले आणि बघता बघता युरोपभर त्याची लाट आली. इंग्लंडमध्ये 1842 साली मॅल्व्हर्नला डॉक्टर विल्सन आणि डॉक्टर गली यांनी तेच सुरू केलं, पहाटे उठवून ओल्या चादरीत गुंडाळून ठेवायचं, डोक्यावरून गार पाण्याची धार सोडायची. चार्ल्स डार्विनसुद्धा 1849 साली तिथे जाऊन राहिला आणि त्याला बरं वाटलं. बायकाही जायच्या आणि बरंच वाटायचं त्यांना, आणि मला वाटतं त्यात पाण्यापेक्षा घरापासून लांब असण्याचा हात मोठा असणार. चार आठवडे कुणाचा स्वयंपाक नाही, कुणाची सरबराई नाही. पण त्याच शतकात अमेरिकेत सायलस वीअर मिचेल या डॉक्टरची 'विश्रांती चिकित्सा' आली, बाईला कित्येक आठवडे अंथरुणात झोपवून ठेवायचं, वाचायचं नाही, लिहायचं नाही. शार्लट पर्किन्स गिलमन हिला बाळंतपणानंतरच्या नैराश्यात त्याने हेच सांगितलं की घरच्या गोष्टींत रमा आणि पुन्हा पेनाला हात लावू नका, आणि ती वेडाच्या काठापर्यंत जाऊन आली. 1892 साली त्यावर तिची जी कथा छापून आली त्यात भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीमागे एक बाई रांगताना दिसते. आता ती कथा गूढ आहे की वैद्यकीय तक्रार? दोन्ही आहे ना! डॉक्टरांच्या भाषेत ती तक्रार मांडताच येत नव्हती, कारण ती भाषा डॉक्टरच्या मालकीची होती, तिथे ती बोलली असती तर ते पुन्हा लक्षणच ठरलं असतं.

इथे मला माझ्या आजोळची विहीर आठवते. नीरेच्या काठचं गाव. विहिरीच्या कडेला हळदकुंकवाने माखलेले सात दगड, पुढ्यात हिरव्या बांगड्यांचे तुकडे, चोळखणाची चिंधी, वाळलेला दहीभात. साती आसरा, पाण्यातल्या देवता. काही बायका मावलाया म्हणायच्या. आम्हा मुलींना ताकीद होती की भर दुपारी आणि तिन्हीसांजेला विहिरीकडे फिरकायचं नाही, आसरा तरण्या पोरींना ओढतात. मी नऊदहा वर्षांची असताना शेजारच्या वाड्यातली नवी सून त्या विहिरीत गेली. कागदावर पाय घसरून पडली असं लागलं. गावातल्या बायका मात्र एकमेकींत म्हणायच्या, आसरांनी नेली तिला. मी कित्येक वर्षं ती अंधश्रद्धा समजत होते, कॉलेजात असताना आजीशी त्यावरून वादही घातला. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, अगं, आसरा काय उगाच कुणाला नेतात होय, जिला घरात कुणी विचारत नाही तिलाच नेतात. मग मला कळलं की सगळ्या बायकांना सगळं माहीत होतं, सासरी तिचं काय चाललं होतं ते, तिच्या दंडावरचे वळसुद्धा त्यांनी पाणी भरताना पाहिले होते. 'पाय घसरला' हे सरळ, स्पष्ट, धुकं नसलेलं वाक्य होतं आणि ते खोटं होतं. 'आसरांनी नेली' यात खरं काय घडलं ते होतं, फक्त ज्यांना ऐकायचंय त्यांनाच ऐकू येईल असं.

आणि आपल्या भाषेत आसरा म्हणजे निवाराही. निदान उच्चारात तरी शब्द एकच. जी पाण्यात ओढते तीही आसरा आणि जिथे डोकं टेकवायला मिळतं तोही आसरा. कादंबरी वाचताना ते बेट मला दोन्ही अर्थांनी दिसत राहिलं, आणि कुठलाही एक अर्थ खोडायला गेलं की पुस्तक हातातून निसटतं.

म्हणूनच 'सगळं थोतांड आहे, मुलींना फसवलंय' एवढं म्हणून मोकळं होणाऱ्यांशीही माझं जमत नाही. फसवलंय हे उघडच आहे. पण त्या बहिणी त्याच विधींमधून एक ताकद घेतात, श्वास रोखून धरायची, दुखणं सहन करायची, एकमेकींच्या शरीराची भाषा न बोलता ओळखायची, आणि पुढे जे घडतं ते त्या ताकदीशिवाय घडलं नसतं. बंदिस्त जागेत मिळालेल्या गोष्टी बंदिस्त जागेविरुद्ध वापरता येतात. गडचिरोलीतल्या कुर्माघरांचा वाद असाच अडकतो. पाळीच्या दिवसांत माडिया बायकांनी गावाबाहेरच्या झोपडीत राहायचं, साप, पाऊस, थंडी, काही बायकांचे तिथे जीव गेलेत. एक बाजू म्हणते पाडून टाका, दुसरी म्हणते परंपरा आहे, तिसऱ्यांनी पक्क्या भिंतींची घरं बांधून दिली. तिथे राहणाऱ्या काही बायका मात्र सांगतात की तेवढेच चार दिवस कामापासून सुटका होते, चारचौघी भेटतात. हे ऐकलं की शहरातला माणूस गडबडतो, कारण त्याला एक तर बळी हवा असतो नाही तर बंडखोर. माझ्या मते ती प्रथा जायलाच हवी. पण ती घालवताना त्या बायकांची चार दिवसांची विश्रांतीही आपण काढून घेणार आहोत याचा हिशोब कुणी करायचा?

आपल्या जवळचंच अजून एक उदाहरण सांगते, कारण या कादंबरीच्या इतकं जवळ जाणारं दुसरं मला माहीत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ति सदन उभं केलं, 1896-97च्या दुष्काळात हिंडून त्यांनी मुली गोळा केल्या, कितीतरी बालविधवा, टाकलेल्या, उपाशी. एकाच आवारात शेकडो मुली, आणि 1905च्या जूनमध्ये तिथे काहीतरी सुरू झालं. मुली प्रार्थना करता करता रडायला लागल्या, थरथरायला लागल्या, अंगात आग लागल्यासारखं होतंय म्हणाल्या, पुढे काहीजणी न शिकलेल्या भाषांत बोलू लागल्या असं सांगितलं गेलं. जगभरच्या ख्रिस्ती मंडळींनी त्याची दखल घेतली आणि लगेच वाद, हा पवित्र आत्मा की उन्माद? दोन्हीकडचे लोक भारी शिकलेले होते. पण हा प्रश्न त्या पोरींबद्दलचा होताच कुठे? दुष्काळात आईबाप मेलेले, काहींना वाटेत लोकांनी काय काय केलेलं, आणि आता पहिल्यांदाच पोटभर जेवण, डोक्यावर छप्पर आणि मोठ्याने रडायला परवानगी. त्या रडण्यात काय काय होतं हे देव की रोग या दोनच कप्प्यांत कसं मावेल? आमच्या गटात द्वेष की सत्य असं जे चाललं होतं ते मला अगदी तसंच वाटलं. आपले कप्पे तयार असतात आणि मुलींनी त्यातल्या एकात बसायचं असतं.

सौंदर्याचा आक्षेप मात्र मला खरोखर छळतो. एका मैत्रिणीने म्हटलं की इतक्या नितळ भाषेत लिहिल्यामुळे त्या मुलींचे हाल बघायला छान वाटतात, पाणी चमकतं, पांढरे कपडे, उन्हाने भाजलेले खांदे, एखाद्या महागड्या जाहिरातीसारखं. हा आरोप बिनबुडाचा नाही. काही पानं अशी आहेत की जखमेपेक्षा जखमेवर पडलेला उजेड जास्त लक्षात राहतो, आणि ग्रेस आणि लियाचे आवाज कधी कधी एकमेकींत इतके मिसळतात की कोण बोलतंय ते प्रकरणाच्या वरचं नाव बघून ठरवावं लागतं. पहिल्या पुस्तकाचा दोष म्हणा हवं तर, मी त्याला दोषच म्हणते. पण त्याच मैत्रिणीला मी संत बहिणाबाईंचं आत्मचरित्र आठवून दिलं, शिऊरच्या बहिणाबाई, तुकोबांच्या शिष्या. लहानपणीच तिशीतल्या बिजवराशी लग्न. कोल्हापुरात जयराम स्वामींच्या कीर्तनाला जायची, तिच्या मागे मागे एक वासरू जायचं, लोकांत बोलबाला झाला तसा नवरा भडकला, वेणी धरून मारलं, बांधून घातलं. वासराने चारापाणी सोडलं आणि ते मेलं. ती काही दिवस शुद्धीवर नव्हती, त्यात स्वप्नात तुकाराम आले आणि मंत्र दिला. हे सगळं तिने अभंगात लिहिलं, मारही आणि दर्शनही, एकाच सुरात, एकाच छंदात. आता अभंग सुंदर आहेत म्हणून तिचा मार सुशोभित झाला का? नवऱ्याने मारलं एवढंच तिने कुणाला सांगितलं असतं तर त्या काळात ते ऐकून कोण घेणार होतं, तिच्या घरातले की गावातले? दर्शनाच्या गोष्टीत बांधून आलं म्हणून ते साडेतीनशे वर्षं टिकलं. इंग्लंडमध्ये 1373 साली मरणाच्या दारात सोळा दर्शनं झालेली नॉरिचची ज्युलियन एका कोठडीत स्वतःला कोंडून घेऊन जे लिहून गेली ते इंग्रजीतलं बाईने लिहिलेलं, आपल्यापर्यंत पोचलेलं सगळ्यात जुनं पुस्तक मानतात. स्वतःच्या अधिकारात बोलायची सोय नव्हती तेव्हा या बायका 'मला दिसलं' असं म्हणून बोलल्या. मॅकिंटॉश एकविसाव्या शतकात बसून लिहिते, तिला ती सक्ती नव्हती हे मान्य. पण तिच्या पात्रांना आहे.

आणि एक आक्षेप असा आहे की ज्याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढं मोठं घर, तिथे पूर्वी कोण राबायचं, किंगकडे पैसे कुठून यायचे, तिथे पोचलेल्या बायका कुठल्या थरातल्या, आणि ज्यांना तिथवर जाणं परवडत नव्हतं त्या बायका विषात कशा जगल्या? पुस्तक त्यांच्याकडे वळून बघत नाही. मुलींना माहीत नाही म्हणून पुस्तकाला माहीत नाही हा माझाच युक्तिवाद इथे मला पुरत नाही, कारण आलेल्या बायकांनी मागे ठेवलेले जबाब मधे मधे येतात, त्यांतल्या एखादीला तरी हे बोलता आलं असतं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि तेव्हा जे दिसलं ते दोन तासांत आमच्यापैकी कुणीच काढलं नव्हतं. ग्रेसला स्वतःची प्रकरणं आहेत, लियाला आहेत. धाकट्या स्कायला एकही नाही. ती बोलते ती फक्त तिघी मिळून बोलतात तेव्हा, 'आम्ही'मध्ये. विष खरं की खोटं यावर एवढे आवाज चढले आणि तिला नेमकं काय वाटत होतं हे विचारायचं आमच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या बैठकीला मी तेवढंच विचारणार आहे.